व्यसनवाले इकडं

शिवलिंगप्पाच्या चन्नवीरला एस.टी.त कंडक्टरची नोकरी लागली ते एकोणीसशे शहात्तर साल. नोकरी लागली आणि महिन्याभरात दुधनीचं स्थळ चालून आलं. मुलगी दाक्षायणी. वडील नव्हते, मामानं वाढवलेली. मामा शरणप्पा म्हणजे दुधनीच्या बाजारातला तुरीचा अडत्या, अंगानं काटकुळा, बोलायला कमी आणि बघायला जास्त. चन्नवीरनं मुलगी पाहिली आणि त्या दिवसापासून तो दुधनीची ड्यूटी मागून घेऊ लागला.

अडचण शिवलिंगप्पाच्या गुडघ्यांची होती. तो चादरीच्या कारखान्यात घड्या घालायचा. देह असा सुटलेला की मांडी घालून बसला तर उठवायला दोघे लागत. लग्नात विधींना कसा बसणार, म्हणून बायको गुरम्मानं त्याला सरकारी दवाखान्यात धाडलं.

तिथं मुंबईहून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. माणसाचा हात खाण्यावरून का निघत नाही, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. त्यांनी शिवलिंगप्पाचे गुडघे पाहिलेच नाहीत. काय खाता, कधी खाता, भूक नसताना खाता का, हेच विचारत बसल्या. शिवलिंगप्पानं खरं ते सांगितलं. भूक लागल्याचं आठवत नव्हतं. दुष्काळात रेशनच्या मिलोची, म्हणजे परदेशी तांबड्या ज्वारीची, भाकरी वाटून खाल्ली, तेव्हापासून समोर दिसलेलं ठेवून उठणं त्याला जमत नव्हतं. बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, हे व्यसनच आहे, दारूसारखं. दर सोमवारी यायचं.

तो घरी आला. दारात चपला काढता काढता म्हणाला,

"मला व्यसन हाय म्हनं."

"कसलं?"

"खायाचं."

गुरम्मा चुलीपुढं बसली होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "भाकरी मी थापते. म्हंजी व्यसन मीच लावलं म्हना की."

त्या दिवशी तिनं शेंगाची चटणी वाढली नाही. शिवलिंगप्पा रात्रभर कूस बदलत राहिला.

सोमवारी दवाखान्यात गेला तर व्हरांड्यात दोन बाकं होती. एका बाकावर बाईंची जाड माणसं. पलीकडच्या बाकावर दारूच्या परमिटासाठी डॉक्टरांचा दाखला काढायला आलेली माणसं. पिण्याची सवय आहे, एकदम सुटली तर तब्येतीला धोका, असा दाखला मिळाला की परमिट निघायचं. शिपायाला दोन्ही बाकं सारखीच. तो दारात उभा राहून ओरडायचा, "व्यसनवाले इकडं, व्यसनवाले इकडं." मग दोन्हीकडची माणसं उठायची आणि एकमेकांकडं बघायची.

बाईंची पद्धत अशी की सगळ्यांना गोल बसवायचं आणि ज्याला जे सोडवत नाही त्याबद्दल मोकळेपणानं बोलायला लावायचं. बोललं की ओढ कमी होते, असं त्यांचं म्हणणं. बजाबाई नावाची एक बाई शेंगाची चटणी कुटून विकायची. उखळात लसूण पडला, तिखट पडलं, शेंगदाण्याला तेल सुटायला लागलं की हात कसा आपोआप तोंडाकडं जातो, हे तिनं डोळे मिटून सांगितलं. नबीसाबचा विजापूर वेशीकडं भज्यांचा गाडा होता. कांदा किती बारीक चिरायचा, पीठ किती सैल ठेवायचं, पहिला घाणा आपणच का खायचा, हे त्यानं समजावलं. शिवलिंगप्पा होळगीवर बोलला. होळगी म्हणजे पुरणाची पोळी, पण ती आपल्या आईच्या हातची कशी असायची आणि तिच्यावर तूप कसं थिजायचं, हे सांगताना त्याचा आवाज जड झाला. बाईंचंही लिहायचं थांबलं. बैठक संपली तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. सगळे मिळून नबीसाबच्या गाड्यावर गेले आणि हे दर सोमवारी व्हायला लागलं. शिवलिंगप्पाचं वजन वाढलं.

बाई चक्रावल्या. मग त्यांनी दुसरा उपाय काढला. नको म्हणायला शिकायचं. कुणीही काही वाढलं तर पानावर हात आडवा धरायचा आणि नको म्हणायचं. एकदा जमलं की व्यसन माघार घेतं. शिवलिंगप्पानं घरी भिंतीकडं बघून सराव केला.

तेवढ्यात दुधनीच्या गाडीत चन्नवीरला एका ओळखीच्या माणसानं तिकीट घेता घेता विचारलं, तुझ्या बापाला व्यसन आहे म्हणतात, खरं का. चन्नवीरच्या हातातला चिमटा तिकिटाऐवजी बोटावर बसला. शरणप्पा मामांनीच बाजारात तसं म्हटलं होतं. लिंगायताच्या घरात परमिटवाला सासरा, तिथं पोर द्यायची नाही. तरी येत्या रविवारी जेवायला बोलावलंय, माणूस समोर बसवून बघतो, मग ठरवतो, असा निरोप होता.

घरात कुणाचं बूड जाग्यावर टिकेना. गुरम्मा म्हणाली, सरळ सांगून टाकू की व्यसन खाण्याचं आहे. चन्नवीर म्हणाला, मग तर झालंच, पोरगी जन्मभर भाकऱ्या थापून मरेल असं म्हणतील. तो उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. शेवटी असं ठरलं की कुणी विचारल्याशिवाय काही बोलायचं नाही आणि आप्पांनी नीट वागायचं. नीट वागणं म्हणजे काय, हे कुणी सांगितलं नाही. शिवलिंगप्पानं ते आपल्यापुरतं ठरवलं.

रविवारी दुधनीला पानं मांडली. शिवलिंगप्पाला भिंतीला टेकवून बसवला. समोर शरणप्पा मामा. गुरम्मा बायकांबरोबर सैपाकघराच्या उंबऱ्यावर. दाक्षायणी होळग्यांची परात घेऊन बाहेर आली. वास सगळ्या सोप्यात पसरला. शिवलिंगप्पानं डोळे मिटले, पानावर हात आडवा धरला आणि घरी घोकलेला शब्द कानडीत काढला.

"बेडा."

नको. परात जागच्या जागी थांबली. मामांनी मान वर केली. आत कुणीतरी म्हातारी पुटपुटली, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. "पिनाऱ्याला गोड चालत न्हाय. आमच्या थोरल्या दिराचंबी असंच हुतं."

चन्नवीरच्या कपाळाला घाम आला. तो बापाच्या कानाशी वाकला. "आप्पा, खावा."

"तूच तर म्हनतोस नीट वागा म्हनून."

"नीट म्हंजी खावा. न्हायतर पोरगी जाती."

शिवलिंगप्पानं एकदा मुलाकडं पाहिलं, एकदा परातीकडं. मुंबईच्या बाईंचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून गेला. मग त्यानं हात बाजूला घेतला.

त्या दिवशी तो जे जेवला ते दुधनीत बरीच वर्षं सांगत. होळगी दुधात, होळगी तुपात, होळगी नुसतीच. दाक्षायणी वाढून वाकायची तोवर पान मोकळं व्हायचं. सुरुवातीला तो लग्नासाठी खात होता. मधेच कधीतरी तो विसरला आणि आपलं आपलं खाऊ लागला. त्याचं तोंड उजळलं. आतली म्हातारी उंबऱ्यापर्यंत सरकून बघायला आली आणि म्हणाली, ह्यो मानूस पिनारा असंल तर मी मानूस वळखायचं सोडलं.

शरणप्पा मामा मात्र वकिलासारखे बसून होते.

"खायाला खाल्लंसा," ते म्हणाले. "पर सरकारी दवाखान्यात व्यसनवाल्याच्या बाकावर बसला हुतासा. शिपायानं हाक मारली तवा उठलासा. मी डोळ्यानं बगितलंय."

शिवलिंगप्पानं हातातला घास पानात ठेवला. चन्नवीर खाली बघू लागला. आता सांगावंच लागणार होतं. पण त्याआधी उंबऱ्यावरून गुरम्मा बोलली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. पाहुण्याची विचारपूस करावी तशी तिनं विचारलं.

"हो का. आन मामा, तुमी कशाला आला हुता तितं? तब्येत बरी न्हवती का?"

मामांनी पाण्याचा तांब्या उचलला, परत ठेवला.

"मी... एकाच्या संगट गेलो हुतो."

"कुनाच्या?" म्हातारीनं विचारलं. ती त्यांची आई होती.

मामांना नाव सुचेना. तेव्हा सगळ्यांच्या नजरा आपोआप त्यांच्या पानाकडं वळल्या. भाकरी संपली होती, भाजी संपली होती. होळगी वाढली होती तशी होती. घडीसुद्धा मोडली नव्हती.

म्हातारी पुढं आली. तिनं तुपाची वाटी घेतली आणि लेकाच्या पानावर ओतली. शरणप्पा मामांनी एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि एरंडेल गिळावं तसा गिळला. मग दुसरा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शिवलिंगप्पाला त्यांची खरोखर दया आली. तो हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मामा. हिकडं सरकवा."

पान सरकलं. शिवलिंगप्पानं तेही संपवलं आणि त्याच बैठकीत सुपारी फुटली.

सोमवारी बाईंनी विचारलं, नको म्हटलंत का. शिवलिंगप्पानं म्हटलं, म्हटलं होतं, पण मग खावं लागलं. का, असं बाईंनी विचारलं. "मला व्यसन न्हाय ह्ये पटवायचं हुतं," तो म्हणाला. बाईंनी लेखणी खाली ठेवली. पुढच्या महिन्यात त्या मुंबईला परत गेल्या. पलीकडच्या बाकावर मात्र शरणप्पा मामा येत राहिले. येताना ते घरी उतरायचे. गुरम्मा त्यांना गोड वाढायची नाही आणि कशाला आलात हेही विचारायची नाही.

चन्नवीर आणि दाक्षायणीचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. शिवलिंगप्पा विधींना खुर्चीवर बसला.

शरणप्पा मामा अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात यकृत सुजून वारले. शिवलिंगप्पा त्याच्या पुढच्या वर्षी, पौषात, जेवून आडवा झाला असताना हृदय बंद पडून वारला.