खोक्याची चतुःसीमा

बनसोडे काकांना "चष्मा कुठे आहे?" असं विचारलं तर "टेबलावर" असं साधं उत्तर त्यांनी आजवर कुणाला दिलेलं नाही. ते सांगतात, "पूर्वेस पाण्याचा तांब्या, पश्चिमेस औषधांचा डबा, दक्षिणेस भिंत, उत्तरेस मोकळी जागा. मध्ये चष्मा." आणि तो तिथेच असतो, हे जास्त वाईट. कारण मग हसताही येत नाही.

काकांची सगळी नोकरी भूमापन कार्यालयात गेली. लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दी दाखवायच्या आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. मूळचे लातूरकडचे, पण मुलुंड पूर्वेला येऊन इतकी वर्षं झाली की आता त्यांना लातूरची सरळ वाट आठवत नाही. मात्र मुंबई कुठे संपते आणि ठाणे कुठे सुरू होतं, ती रेघ ते झोपेतून उठवलं तरी दाखवतील. आमची सोसायटी त्या रेघेच्या अगदी अलीकडे आहे. मुंबई ८१. हा पिनकोडचा आकडा काका असा उच्चारतात, जणू काही पदवीच आहे.

मी या सोसायटीची सेक्रेटरी. म्हणजे पाणी आलं नाही तर माझ्यामुळे आणि आलं तर आपोआप.

तर या बनसोडे काकांकडे एक गेमिंग कन्सोल आहे. नातवंडं सुट्टीत आली की खेळतील म्हणून जावयाने आणून ठेवलं. पांढरं, उंच, उभं; दोन्ही बाजूंनी कॉलर वर केलेल्या नाक्यावरच्या पोरासारखं. सुट्टी संपली, नातवंडं बंगळुरूला परत गेली, आणि काकांनी त्या वस्तूचा रीतसर ताबा घेतला. काका त्याला 'यंत्र' म्हणतात. बाकी सगळी बिल्डिंग 'खोका' म्हणते.

यंत्राची बडदास्त काय वर्णावी! ते श्वास मागून सोडतं म्हणून त्याच्या मागे भिंतीपर्यंत हातभर जागा मोकळी. खालून वारा लागावा म्हणून ते चार पालथ्या वाट्यांवर उभं. धूळ काढायला काकांचा स्वतःचा जुना दाढीचा ब्रश. पहिल्या मजल्यावरच्या सावंत वहिनींनी हौसेने त्याला क्रोशाचं कव्हर विणून दिलं, तर काकांनी ते घडी घालून परत केलं. "वहिनी, कला उत्तम आहे. पण ह्याला पांघरूण नको, ह्याला वारा पाहिजे." वहिनींनी ते कव्हर मिक्सरला घातलं आणि पंधरा दिवस काकांशी बोलल्या नाहीत.

मी गेले की माझी शिकवणी. "सेक्रेटरीबाई, आत चकती फिरत नाही बरं का! तरी एवढा मोठा खेळ पापणी लवायच्या आत उघडतो. आणि हे हातातलं धरा. धरा ना! आता तो माणूस वाळूतून चालला की तुमच्या हाताला खरखर लागेल. लाकडावर चढला की टकटक." मी धरलं. हाताला खरंच वाळू लागली. मी किंचाळले. काका असे खूश झाले, जणू वाळू त्यांनीच पाडली होती.

इथवर सगळं झकास होतं. मग आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली.

सगळ्यांनी घरं सोडायची, चाव्या जमा करायच्या, मग बिल्डर इमारत पाडणार आणि काही वर्षांनी आम्ही नव्या टॉवरमध्ये परत येणार. एकेक बिऱ्हाड गेलं. सावंत नाहूरला गेले, मी बहिणीच्या हट्टावरून मुलुंडातच पश्चिमेला गेले. सगळ्या चाव्या माझ्या पर्समध्ये खुळखुळत होत्या. एक सोडून. तिसऱ्या मजल्यावर बनसोडे काका एकटे राहिले होते. लिफ्ट बंद झाली, वॉचमन एकच उरला, पाण्याचं कनेक्शन तुटायच्या बेतात आलं. ती चावी मिळेपर्यंत काम सुरू होणार नव्हतं आणि माझा फोन वाजायचा थांबणार नव्हता.

त्यांची मुलगी वैशाली हिने त्यांच्यासाठी भाड्याचं घर शोधलं होतं. चांगलं, हवेशीर, तळमजल्यावरचं. पण कोपरीला. म्हणजे टोलनाक्याच्या पलीकडे. म्हणजे ठाण्यात.

"काका, दहा मिनिटांवर तर आहे," मी म्हटलं.

"अंतराचा प्रश्नच नाही. हद्दीचा आहे."

आणि त्यांनी मला यंत्रासमोर बसवलं. त्यात हवामान सांगणारं एक ॲप होतं. ते उघडलं. पडद्यावर ढग, सूर्य, आणि वर गावाचं नाव: ठाणे.

"बघितलंत? मी बसलोय मुलुंडात आणि हे मला ठाण्यात धरतंय. ही नोंद आधी दुरुस्त झाली पाहिजे. मूळ नोंद चुकलेली असेल तर पुढचा फेरफार होत नाही. आज मी कोपरीला गेलो, तर कागदोपत्री मी हललोच नाही असं होईल!"

"कसले कागद काका? तो खोका आहे."

"यंत्र."

मी माझ्या भाच्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्याने समजावलं की मोबाइलला उपग्रहावरून जागा कळते, तसं या कन्सोलमध्ये काही नसतं. ते टीव्हीखाली बसून असतं, ते कुठे जाणार? इंटरनेटच्या जोडणीवरून ते आपलं अंदाजाने गाव ठरवतं. केबलवाल्याचं ऑफिस ठाण्यात असेल, म्हणून ठाणे.

"म्हणजे आत साधं होकायंत्रपण नाही?" काकांचा चेहरा पडला. "एवढा वेगवान मेंदू, एवढा पंखा, हातात वाळू लागते, आणि स्वतः कुठे उभं आहे ते माहीत नाही? अंदाजपंचे?"

त्यानंतर त्यांनी ग्राहकसेवेला फोन केला. मी साक्षीदार आहे. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"सर, लोकेशन अप्रॉक्सिमेट होता है."

"मॅडम, अप्रॉक्सिमेट नहीं चलेगा. चतुःसीमा लिख लीजिए. पूर्व में मिठागर, पश्चिम में रेल्वे, उत्तर में ठाणे की हद, दक्षिण में भांडुप. बीच में मैं."

"सर, आपने एक बार रीस्टार्ट किया?"

"मैं रिटायर हुआ हूँ मॅडम, रीस्टार्ट अब क्या करूँगा!"

ही बातमी नाहूरपर्यंत पोचली. सावंत मुद्दाम रिक्षा करून आले आणि खालूनच ओरडले, "काय रे बनसोड्या, तुझो खोको मुलुंडात इलो काय?"

काका गॅलरीत आले. "अपील चालू आहे!"

"अरे, तुझ्या अपिलापायी आम्ही सगळे टांगून रवलोय. वाट लागली आमची!"

"तुझ्या नाहूरची चतुःसीमा सांग आधी!" असं म्हणून काका आत गेले. मी खाली वॉचमनपाशीच उभी होते; सावंत माझ्याकडे वळले. "ह्याका समजव गो बाय. एकटो पडलोहा थंय." रागाने आलेला माणूस असा एकदम हळू बोलला, म्हणून ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी वैशालीचा फोन. "ताई, बाबांचं नक्की काय अडलंय हो? मला नुसतं 'नोंद, नोंद' सांगतात. आई होती तेव्हा तिला तरी खरं सांगायचे."

सुमनकाकूंना जाऊन दोन वर्षं होत आली होती. मी ठरवलं, आज चावी घेतल्याशिवाय उतरायचं नाही. दुपारी तिसरा मजला चढले. दार उघडंच. हॉल रिकामा; फक्त टीव्ही, यंत्र आणि चार वाट्या. काका स्वयंपाकघरात, जमिनीवर, गुडघ्यांवर. समोर ऑफिसच्या काळातली लांब कापडी टेप पसरलेली आणि तिच्या टोकावर चक्क पाट्याचा वरवंटा.

"काका! पडलात की काय?"

"नाही. वरवंटा सरकतो." ते वैतागून म्हणाले. "टेपचं टोक त्या कोपऱ्यात घट्ट धरायला हवं. मी इकडे येऊन ताण दिला की तिकडे वरवंटा निघाला फिरायला. वरवंट्याला काही जबाबदारी नाही."

"मोजताय काय पण? हे तर पाडणार आहेत."

त्यांनी वरवंटा बाजूला सारला. मग म्हणाले, "आलाच आहात तर त्या कोपऱ्यात बसा. शून्य पक्कं धरा."

मी साडी सावरून ओट्याखालच्या कोपऱ्यात बसले आणि टेपचं शून्याचं टोक भिंतीला दाबून धरलं. काका समोरच्या कोपऱ्यात गेले, टेप ताणली, वाकून आकडा वाचला आणि एक मोठा निःश्वास सोडला. "कर्ण मिळाला. चार भिंती कितीही मोजा, कोपऱ्यातून कोपऱ्यात कर्ण घेतल्याशिवाय खोली जुळत नाही. आणि कर्ण एकट्याने घेता येत नाही."

ते तडक हॉलमध्ये गेले आणि यंत्र चालू केलं. मी मागोमाग. पडद्यावर ठोकळे रचून घर बांधायचा एक खेळ होता, नातवंडांचा. पण आतलं घर नातवंडांचं नव्हतं. ते हेच घर होतं. हा हॉल, ही गॅलरी, तिचा वाकलेला गज, दारामागची खुंटी. एक ठोकळा त्यांनी बोटभर मापाचा धरला होता, त्यामुळे सगळं घर राजवाड्याएवढं झालं होतं आणि आतला माणूस मुंगीएवढा. मुंगी स्वयंपाकघरात गेली. तिथली एक भिंत अर्धवट होती. काकांनी नवा आकडा मनात घोळवत ठोकळे लावायला सुरुवात केली. ठक, ठक, ठक.

"ओटा जरा खाली झालाय का?" मी उगीच विचारलं.

"नाही. मूळचाच खाली आहे. ती उंचीने कमी होती. मी फोडून पुन्हा बांधून घेतला होता."

त्यांनी ठोकळ्यांची आणखी एक रांग लावली.

"म्हणजे काका, ठाणे-मुलुंड ते सगळं..."

"ते आहेच. हद्द ती हद्द." त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "पण आपल्या घरातलं काहीही मोजायचं असलं की पलीकडचं टोक ती धरायची. पडदा असू दे, कपाट असू दे. आता टेप आहे, मी आहे. कुणाला म्हणणार, जरा टोक धरा? लोक विचारणार, कशासाठी."

मी विचारलं नाही. "अजून कुठली खोली राहिली आहे?" एवढंच म्हटलं, आणि पदर खोचला.

संध्याकाळपर्यंत मी त्या घराच्या सगळ्या कोपऱ्यांत बसून आले. सेक्रेटरी म्हणून इतकं प्रामाणिक काम मी कधी केलेलं नाही. निघताना काकांनी न मागता चावी माझ्या हातावर ठेवली. "ताबा दिला," म्हणाले.

महिन्याभराने कोपरीला गेले. यंत्र वाट्यांवर उभं, मागे हातभर जागा. सावंत आधीच येऊन सोफ्यावर बसले होते आणि वहिनींनी पाठवलेला खाजा खात होते. काकांनी मोठ्या थाटात हवामान उघडून दाखवलं. नवा केबलवाला, नवी जोडणी. वर गावाचं नाव: मुंबई.

"अरे, आता तू खराच ठाण्यात आसस ना!" सावंत म्हणाले.

"चूकच आहे," काका म्हणाले. "पण आपल्या बाजूची आहे. राहू दे."

मग त्यांनी कंट्रोलर माझ्या हातात दिला. मी मुंगीला घरात नेलं. हॉलमधून, खुंटीखालून, स्वयंपाकघरात. सगळं पुरं झालं होतं, ओट्यावर डबेसुद्धा आले होते. फक्त फरशीवरून, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, ठोकळ्यांची एक पांढरी तिरकी रेघ तशीच राहिलेली.

"काका, टेप काढायची राहिली."

"राहिली नाही. ठेवली आहे."

मी रेघेवरून मुंगी चालवत नेली. हाताला हलकी टकटक लागत होती. रेघ ओट्याखालच्या कोपऱ्यात संपली. तिथे हिरव्या ठोकळ्यांची एक बाई बसलेली होती, ठेंगणीशी, भिंतीला हात लावून.

"शून्य तिच्याकडे आहे," काका म्हणाले, आणि सावंतांना अजून खाजा वाढायला उठले.