बाईंची गाडी बसली

गाडी घेऊन नऊ दिवस झाले होते. दहाव्या दिवशी सकाळी सत्यशीलाबाईंनी ती सुरू केली आणि समोर एक पिवळा दिवा लागला. त्यांनी गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली. दिवा होता तिथेच. मग बाईंनी चष्मा चढवला, गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक उघडलं, हव्या त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि सुग्रीवला बोलावणं पाठवलं.

सुग्रीव घाटनांदूरच्या स्टँडसमोर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. चौथीत तो बाईंच्या वर्गात होता. आता त्याच्या मिशा पिकायला लागल्या होत्या, तरी बाई समोर आल्या की त्याचे हात आपोआप पाठीमागे बांधले जात.

"बाई, जर्मन गाडी हाय ही. आपल्याला ट्रॅक्टरबिगर काय कळत न्हाई," तो म्हणाला.

"वाचता येतं ना? मीच शिकवलंय. वाच."

सुग्रीवने वाचलं, गाडीखाली शिरला, बाहेर आला. "बाई, धुराच्या नळीत जाळी हाय. तिच्यात काजळी साठती. गाडी सुसाट पळली की ती काजळी आपोआप जळती. तुमी हिला कुठं कुठं नेलती?"

"बँकेत. आणि देवळात."

"मग कशी जळंल? हिचा श्वास कोंडलाय. रोज अर्धा तास पळवा हिला."

जिल्हा परिषदेच्या शाळांत बाईंनी चौतीस वर्षं काढली होती. धारूर झालं, केज झालं, पार गेवराईकडचं तलवाडासुद्धा झालं. त्यातली निम्मी वर्षं एसटीत उभ्याने आणि उरलेली जीपच्या मागच्या फळीवर, गुडघे हनुवटीला लावून गेली. यजमान पूर्वीच वारले होते, मुलगी हैदराबादला संसारात होती. निवृत्त झाल्यावर बाई अंबाजोगाईला जाऊन गाडी चालवायला शिकल्या आणि पुण्याहून ही काळीभोर, सहा वर्षं वापरलेली डिझेल गाडी घेऊन आल्या. तिची खुर्ची बटण दाबलं की पाठ चेपून द्यायची. बाईंनी दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

धाकटा भाऊ अमरसिंह त्या दिवशी कपाळाला हात लावून बसला होता. तो गावातला मोठा बागायतदार, पूर्वी पंचायत समितीवर निवडून आलेला. "अक्का, हत्ती घेतलास तू. ह्याची सोंड कुणी धुवावी?"

"कंबर माझी, गाडी माझी. तुझी सोंड कशाला मधी?" बाई म्हणाल्या होत्या.

तेव्हा आता जाळीपायी माघार घेणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून बाई रोज सकाळी परळीला जाऊ लागल्या. परळीत त्यांचं काडीचं काम नव्हतं. स्टेशनसमोर एक चहा घ्यायचा आणि परत फिरायचं. वाटेत परळीच्या वीजकेंद्राचे राखेचे टँकर भेटत. काळी जाणारी गाडी करडी होऊन येई, पण पिवळा दिवा तिसऱ्या दिवशी विझला.

चौथ्या दिवशी फाट्यावर छबुबाईने हात केला. ती परळीच्या बाजारात मेथी विकायची.

"बाई, रोज परळीला कावून जायलाव तुमी?"

"काजळी जाळायला."

छबुबाईला काही कळलं नाही, पण तिने त्यावर वेळ घालवला नाही. "मग माझी मेथी बी घ्या की."

मेथी मागे गेली आणि छबुबाई पुढे बसली. बाईंनी बटण दाबलं. छबुबाई किंचाळली, "अगं माय! बाई, ही खुर्ची हात लावायली मला!" परळी येईपर्यंत मात्र तिचे डोळे मिटले होते आणि उतरताना ती म्हणाली, "उद्या पण जाळायची हाय ना काजळी?"

पुढच्या आठवड्यात परळीच्या दवाखान्यातल्या एक नर्सबाई आणि कॉलेजच्या दोन मुली अशी गाडी रोज भरून जाऊ लागली. बाई कुणाला उशिरा येऊ देत नसत. सात वाजून दहा मिनिटांनी हजेरी, सव्वासातला गाडी. एकीचा भाऊ आंघोळीला वेळ लावतो म्हणून बाईंनी त्याच्या आईला निरोप धाडला होता.

मग गाडीला तहान लागली. "टाकी भरा, नाहीतर आठशे किलोमीटरनंतर गाडी सुरू होणार नाही," असं काचेवर उमटू लागलं. बाई स्टँडवर थांबल्या. सुग्रीवने वाकून वाचलं, पुस्तक चाळलं आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून ओरडला, "बाई, गाडी युरिया मागायलीय!"

तो आठवडा युरियाच्या टंचाईचा होता. समोरच्या खताच्या दुकानापुढे पहाटेपासून सत्तर माणसांची रांग लागलेली होती आणि रांगेत एकविसावा अमरसिंह होता. सगळ्या माना एकदम वळल्या.

"कोण मागायलंय?" मागून कुणीतरी विचारलं.

"बाईंची गाडी!"

अमरसिंह रांग सोडून आला. "अक्का, इथं उसाला युरिया न्हाई, पोती बघायला मिळंनात, आन तुझी गाडी युरिया खायली?"

"खात नाही, पिते. आणि तो हा युरिया नाही. धूर स्वच्छ करायचं पाणी असतं ते, पंपावर डब्यात मिळतं. ट्रकवाले रोज घेतात."

पण रांगेला एवढं ऐकायला सवड नव्हती. दुपारपर्यंत बाईंच्या डिकीत दहा पोती असल्याचं गावभर झालं आणि संध्याकाळी ती वीस झाली. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून कृषी खात्याचे एक साहेब तपासणीला आले. डिकी उघडली तर आत मेथीच्या चार पेंढ्या. बाईंनी त्यांना ओट्यावर बसवून पुस्तकातली सात पानं मोठ्याने वाचून दाखवली. साहेबांनी तिसऱ्या पानावर जांभई दिली, तेव्हा ते पान पुन्हा वाचलं गेलं. जाताना ते फक्त एवढंच म्हणाले, "मॅडम, परळीकडं जाणारच असाल तर मला स्टेशनला सोडता का?"

हे सगळं ऐकून छबुबाई हळहळली. संध्याकाळी ती तांब्याभर पाण्यात आपल्या पोत्यातला मूठभर युरिया कालवून घेऊन आली. "आपल्याच गाडीला कमी कावून पडू द्यावं?" ती टाकीचं झाकण शोधत होती, तेवढ्यात बाईंनी धावत येऊन तांब्या धरला. त्या रागावणारच होत्या, पण छबुबाईच्या घरी एकच पोतं होतं, तेही अर्धं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तांब्या परसातल्या वांग्यांना ओतला आणि छबुबाईला चहा केला.

पंपावरचा डबा आला, गाडीची तहान भागली, आणि त्यानंतर पाचव्या दिवशी गाडी बसली.

आधी मागची डावी बाजू खाली आली. बाईंना वाटलं, चाकात हवा कमी असेल. सकाळी गाडी सुरू केली की ती गुरगुरत उठायची, म्हणून त्यांनी दुर्लक्ष केलं. शनिवारी ती उठलीच नाही. चारही बाजूंनी जमिनीला टेकली.

सुग्रीव गाडीखाली शिरायला गेला, पण शिरायला जागाच नव्हती. तो बाजूला आडवा पडून बॅटरीच्या उजेडात बघत राहिला. "बाई, हिला स्प्रिंगच न्हाई. हवेच्या पिशव्यांवर उभी राहती ही. एक पिशवी फुटली, आन तिच्यात हवा भरू भरू पंप बी जळला."

"मग दुसरा आण."

"पुण्याला इचारलं. ते म्हनले, बाहेरून मागवावा लागंल. दोन महिने."

फाट्यावर छबुबाई पाटी घेऊन तासभर उभी राहिली आणि शेवटी जीपने गेली. नर्सबाईंची ड्यूटी चुकली. बाई मात्र सव्वासातला तयार होऊन ओट्यावर बसून राहिल्या.

अमरसिंह आला तोच आवाज चढवून. "पुरे झाली फजिती, अक्का. सगळं गाव हसायलंय. मी गिऱ्हाईक आणतो, देऊन टाक एकदाची."

"आण. विकणार नाही, पण चहा पाजीन."

रविवारी तो अंबाजोगाईच्या रामप्रसादला घेऊन आला. रामप्रसाद गुत्तेदार होता, रस्त्यांचे ठेके घ्यायचा आणि पांढरे बूट घालून हिंडायचा. बसलेली गाडी बघून त्याने नाक मुरडलं नाही. उलट त्याचे डोळे चमकले. काही बोलू नको अशी अमरसिंहने बाईंना कोपराने खूण केली, पण बाईंनी आधीच वही उघडली होती.

"ऐका. हिची जाळी तुंबते. युरियाचं पाणी लागतं. हवेची पिशवी फुटलीय. पंप जळलाय. मागची काच कधी कधी आपोआप खाली जाते."

"पावसात जाती ना?" रामप्रसादने उत्साहाने विचारलं. "आन दार उघडलं की उगीच घंटी वाजती?"

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत?"

रामप्रसाद खाली बघत म्हणाला, "खोटं कशाला बोलावं, बाई. माझ्याकडं हीच गाडी हाय. हाच रंग. वरीस झालं, दारात उभीय. मला तुमची चालवायला नको, खोलून सामान काढायला पाहिजे."

"खोलायला?" बाईंचा आवाज असा चढला की गाडीजवळ उभ्या असलेल्या सुग्रीवचे हात पाठीमागे गेले. "तुमच्या गाडीला झालंय काय?"

"आमच्या ड्रायव्हरनं युरियाचं पाणी डिझेलच्या टाकीत ओतलं. इंजन खलास."

"पण ती उभी आहे म्हणालात."

"उभी हाय की, ऐटीत."

"म्हणजे हवेच्या पिशव्या शाबूत? आणि पंप?"

"एकदम."

बाईंनी वही मिटली. "मग तुमचीच मला द्या."

अमरसिंहच्या हातातली बशी कलली. रामप्रसाद मात्र नाही म्हणायचंच विसरला. गाडी दारातून हलत नाही तोवर घरात पाऊल टाकायचं नाही, असं त्याच्या बायकोने दिवाळीतच बजावलं होतं. चहाचा दुसरा कप येईपर्यंत व्यवहार ठरला.

"अक्का, तुझा दिमाग ठिकाणावर हाय ना?" अमरसिंह ओरडला. "मी एक घालवायला आलतो!"

"गिऱ्हाईक तू आणलंस. आता गाडी पण तूच आण. तुझ्याएवढा दणकट ट्रॅक्टर गावात कुणाकडं आहे?"

अमरसिंहने कललेली बशी सरळ केली आणि साखळी कुठे मिळेल ते विचारलं.

मंगळवारी दुपारी तो अंबाजोगाईहून निघाला. पुढे त्याचा ट्रॅक्टर आणि मागे साखळीला बांधलेली काळी गाडी. इंजिन बंद असल्याने जड झालेलं तिचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून आत सत्यशीलाबाई ताठ बसलेल्या. घाटनांदुरात शिरताना अमरसिंहने टोपी डोळ्यांपर्यंत ओढली, पण चौकात त्याचा जुना विरोधक अर्जुनराव उभा होताच. मागच्या निवडणुकीपासून त्या दोघांचं बोलणं टोमण्यांपुरतं उरलं होतं.

"काय अमरसिंह, भंगार ओढायचा धंदा काढला का बे?"

चौक हसला. अमरसिंहने ट्रॅक्टर थांबवला आणि खाली उतरला. त्याने एकदा मागे पाहिलं. काचेआड बाई त्याच्याकडेच बघत होत्या. त्याने टोपी मागे सारली.

"भंगार कुणाला म्हणायलास? जर्मनीची गाडी हाय ही. हवेवर उभी राहती. तुझ्या जीपला जमतंय का? जाळी कशाची असती, माहीत हाय का तुला? युरिया कोणत्या टाकीत जातो, हाय माहीत?"

अर्जुनराव म्हणाला, "अरे पण एक बसलीय ना तुमच्या दारात?"

"बसलीय ती पहिली," अमरसिंह ट्रॅक्टरवर चढत म्हणाला. "ही आमची दुसरी हाय."