चुकणाऱ्यांचे आहेर सर

आहेर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते टेबलाखाली बसून, तपकीर ओढून, माइकमध्ये शिंकत होते. मी हादरलोच. नोकरीचा पहिला दिवस, आणि हे म्हणे आमचे क्रिएटिव्ह डायरेक्टर!

"हत्तीची शिंक हाय," डोळे पुसत ते म्हणाले. "पोटातून येत नाय अजून."

सीडीचे दिवस होते ते. नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका गाळ्यात आम्ही अकरा जण लहान मुलांसाठी अंकओळखीचे कॉम्प्युटर गेम बनवायचो. सर मूळचे पिंपळगावचे, द्राक्षबागायतदाराच्या घरातले. बरोबर उत्तराला ते एक चांदणी द्यायचे, तीही फिकट. चुकलं की मात्र हत्ती शिंकायचा, द्राक्षांचे घड धपाधप पडायचे, माकडाची टोपी उडायची.

"बरोबर येणाऱ्याला शाबासकी मिळतीच की. चुकणाऱ्याचं कोण हाय?" हे त्यांचं पालुपद. त्या एका शिंकेपायी त्यांनी आम्हाला तीन आठवडे पिळून काढलं.

मग गेमची ऑर्डर देणाऱ्या मुंबईच्या पार्टीने तो एका शाळेत दाखवला. दोन अधिक दोन किती? अख्खा वर्ग ओरडला, "नऊ!" बाई अवाक. पोरांना हत्ती बघायचा होता, चांदणी कोणालाच नको होती. पार्टीचा फोन घेताना आमच्या मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. चुकलं की बझर आणि लाल फुली, तेही सोमवारपर्यंत. नाहीतर काम रद्द. दुसरं काम हातात नव्हतं, म्हणजे ऑफिसला कुलूपच.

सर "नाय" म्हणाले आणि सरळ घरी गेले. बदलाच्या कागदावर त्यांची सही आणायला मालकांनी मला देवळाली कॅम्पला पिटाळलं. वाटेत मी सरांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

घरात कॉम्प्युटरसमोर पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. "आमची आक्का. मोठी बहीण," सर म्हणाले.

पडद्यावर तीन आंबे होते. आक्कांनी बराच विचार करून सात दाबलं आणि झटकन हात पदराखाली लपवला. हत्ती शिंकला. हात हळूहळू बाहेर आला, आणि त्या खुदकन हसल्या.

"पहिलीत आम्ही एकाच वर्गात," सर हळू आवाजात म्हणाले. "ती दोनदा नापास झालेली. गुरुजी आधी तिलाच विचारायचे. ती चुकली का मला कळायचं, हे उत्तर नाय. छडी तिला, शाबासकी मला. मी हुशार ठरलो तो असा."

सरांनीच हात पुढे केला. "आणा तो कागद. अकरा घरं हायेत."

त्यांनी सही केली. कागद खिशात घालताना मला माझीच लाज वाटली. मी चपला घालत होतो तेव्हा ते दारापर्यंत आले.

"बझरचा आवाज जरा बारीक ठेवा," ते म्हणाले. "पोरं दचकतात."