कोनांच्या आतलं सोयाबीन

महामार्गावर गाडी बंद पडली तर काय करायचं, हे या जिल्ह्यात माझ्याइतकं कोणालाही ठाऊक नाही! यात गर्व नाही. रस्त्यावर मदतीला धावणाऱ्या गस्ती कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेवर मी आमच्या दैनिकात सात भागांची मालिका लिहिली आहे, आणि सातही भाग मुदतीत दिले आहेत. त्यामुळे दसऱ्यानंतरच्या रविवारी, दुपारी पावणेचार वाजता, जानेफळच्या अलीकडे माझ्या गाडीच्या बॉनेटमधून वाफ निघाली तेव्हा मी घाबरलो नाही. उलट बायकोला म्हटलं, "जयमाला, आता बघ, सगळं नियमाने कसं होतं ते."

त्यानंतर जे झालं त्याला नियम म्हणायचं असेल, तर गाढवांच्या लाथाळीला संचलन म्हणावं लागेल.

मी मदत क्रमांकावर फोन केला. वीस मिनिटांत गस्तीची गाडी आली आणि आमच्या मागे बऱ्याच अंतरावर दिवे फिरवत थांबली. चालक आत बसून राहिला. उतरला तो वैजनाथ, चाळिशीचा, शिडशिडीत, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट. येणाऱ्या गाड्यांवरची नजर न काढता त्याने रस्त्यावर लाल-पांढरे कोन मांडले, बॉनेट उघडून इंजिनचा पट्टा तुटल्याचं सांगितलं आणि मेहकरहून ओढगाडी साडेपाचला येईल म्हणाला. मग आम्हा दोघांना कठड्यापलीकडे जायला सांगितलं.

जयमाला लगेच गेली. बाभळीखाली बसून तिने डबा उघडला. मी गेलो नाही. सात भाग लिहिणाऱ्या माणसाने डब्याशेजारी बसायचं? मी कोन मोजले. बारा होते, आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत जेमतेम चाळीस पावलं! या वेगाच्या रस्त्यावर एवढ्याने काय होतं? शंभर पावलं तरी हवीत, तिसऱ्या भागात मी स्पष्ट लिहिलं होतं. मी तसं सुनावलं.

वैजनाथने वाद घातला नाही. त्याची अडचण वेगळी होती. सहा महिन्यांत दोनदा ट्रकवाल्यांनी त्याचे कोन उडवले होते, आणि दोन्ही वेळा 'वाहतूक नियंत्रणात नाही' असा शेरा त्याच्याच नावावर बसला होता. तिसरा बसला की बदली थेट नागपूरच्या पलीकडे. पोरगी प्रेरणा मेहकरला दहावीत. आणि आजच तपासणी अधिकारी या रस्त्यावर फिरत होत्या.

"तुमी लिहेलं हाय तर लांबवतो, साहेब," तो म्हणाला. "पन तुमी आधी तिकडं व्हा. गाड्यांकडे पाठ करून उभे राहून राह्यले तुमी."

मी मालिका लिहिली आहे, एवढंच मी त्याला सांगितलं.

त्याने कोन दूर दूर सरकवले. शंभर पावलांची डावी पट्टी रिकामी झाली. नवं सिमेंट, स्वच्छ, उन्हाने तापलेलं. पाहून समाधान वाटलं. दुर्दैवाने ते मला एकट्यालाच वाटलं नाही.

कठड्यापलीकडच्या वावरातून एक बाई आल्या. तानुबाई, डोक्यावर पोतं. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, कोनांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "किती वाजेपर्यंत बंद हाय, भाऊ?"

"साडेपाचपर्यंत," मी म्हणालो. विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर द्यायची मला सवय आहे.

तानुबाईंनी पोतं कोनांच्या आत ओतलं. सोयाबीन! ओलं, मळलेलं, पिवळं सोयाबीन! मी ओरडेपर्यंत त्यांनी ते पायाने पसरून त्याची भाकरी केली होती आणि कडेने दगड लावायला घेतले होते. मी म्हटलं, मी पेपरात लिहितो, हा महामार्ग आहे, खळं नाही. त्या म्हणाल्या, रस्ता काही मी बंद केला नाही. बंद हायच तर वाया काऊन जाऊ द्याचा?

 त्या वाक्याचा मला अजूनही संताप आहे.

पुढच्या दहा मिनिटांत कारभारी पाटील ट्रॅक्टर घेऊन शेतातल्या वाटेने हजर झाले. कठड्याशी ट्रॉली लावून पोती आत उतरू लागली. मी आडवा गेलो. त्यांनी शांतपणे मोबाइल दाखवला. गावाच्या गटावर कोणीतरी कळवलं होतं: 'मेहकर रोडची डावी बाजू साडेपाचपर्यंत बंद. पेपरवाले साहेब जातीनं हजर. लवकर या.'

"तुमीच जाहीर केलं न?" ते म्हणाले. "मंग आता चिल्लावून काऊन राह्यले?"

पावणेपाचपर्यंत सोळा कुटुंबं जमली. जागेवरून भांडणं झाली. उशिरा आलेल्या एकाने मलाच विचारलं, साहेब, आणखी पन्नास पावलं वाढवता येतील का? आणि माझी बायको! सात भागांची पहिली वाचक! ती कठड्यापलीकडून काठीने तानुबाईंचं सोयाबीन हलवत होती. मी जाब विचारला तर म्हणाली, मी नियमाप्रमाणे पलीकडेच उभी आहे, तुम्ही तुमचं बघा.

वैजनाथ मात्र पांढरा पडला होता. तो धावत तानुबाईंकडे गेला आणि हात जोडले. "मावशी, दाने राहू दे उलीसक वेळ. पन दगड एकबी नाई पाह्यजे. मांगच्या साली असाच एक दगड राहून गेला. राती फटफटीवाला त्याच्यावर गेला. म्या उचललं त्याले."

तानुबाईंनी दगड उचलले. मग सगळ्यांनीच उचलले, कठड्यापलीकडे टाकले आणि वैजनाथच्या सांगण्यावरून स्वतःही पलीकडे गेले. मी अर्धा तास घसा फोडत होतो तेव्हा एक खडा हलला नव्हता, हेही नमूद करतो.

एवढ्यात तपासणीची गाडी आली. निवेदिता मॅडम उतरल्या. तिशीच्या, हातात वेग मोजायचं यंत्र. मी पट्टीच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवत तक्रार सुरू केली. त्यांनी मला हातानेच थांबवलं आणि यंत्र येणाऱ्या वाहनांवर रोखलं. एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं. मग यंत्र हातावर आपटून तिसऱ्यांदा पाहिलं.

"अठ्ठावीस? इथे सगळे ऐंशीने जातात. हा ट्रक अठ्ठावीसने कसा चाललाय?"

वैजनाथ खाली पाहत म्हणाला, "मॅडम, या लाल-पांढऱ्या कोनाले कोनी भेत नाई. पन इथून जानारा हर ड्रायव्हर कोन्यातरी शेतकऱ्याचं लेकरू हाय. दान्यावरून चाक नेत नाई थो."

मॅडमनी शंभर पावलांवर नजर फिरवली. कोन बाराच्या बारा उभे. गावची माणसं सगळी कठड्यापलीकडे, काठ्या तेवढ्या अलीकडे. मग आवाज चढवून त्यांनी सांगितलं की रस्त्यावर धान्य वाळवायला मनाई आहे, पुन्हा दिसलं तर गुन्हा नोंदवेन, आणि ओढगाडी येण्याआधी पट्टी रिकामी हवी. साठ माणसं खराट्यांसह लागली. पाच पंचवीसला रस्ता इतका साफ होता की ओढगाडीच्या चालकाला उतरताना आधी चप्पल काढू की काय असं झालं.

मी मात्र एका गोष्टीची वाट पाहत होतो. या सगळ्या बेकायदा प्रकाराचा अहवाल होईल, आणि वैजनाथचं नव्हे, त्या लोकांचं नाव त्यात येईल.

अहवाल झाला. चौथ्या दिवशी वैजनाथने त्याचा फोटो मला पाठवला आणि फोनही केला. शेरा बसला नव्हता. बदली टळली. कोन लांबवल्याबद्दल शाबासकी होती, आणि ते तुमच्यामुळेच झालं साहेब, असं तो दोनदा म्हणाला.  मी 'असू दे' म्हणून फोन ठेवला आणि अहवाल शेवटपर्यंत वाचला.

'वाहतुकीचा वेग: समाधानकारक. पट्टी मोकळी करणे: मुदतीत. असुरक्षित स्थितीत आढळलेल्या व्यक्ती: एक. पुरुष, वय अंदाजे साठ, जॅकेट नाही, वाहतुकीकडे पाठ, हातवारे करीत होता. वारंवार सांगूनही कठड्यापलीकडे गेला नाही.'

हे साफ चूक आहे! मी त्याच दिवशी दुरुस्तीचं पत्र पाठवलं. मी त्रेपन्न वर्षांचा आहे.