गाळलेले हसू परत आणिले त्याची हकीकत

श्रीशारदेस, आणि जे डोळ्यांनी वाचतील, कानांनी ऐकतील, बोटांनी चाचपून घेतील त्या सर्वांस नमस्कार करून लिहिण्यास आरंभ केला. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. संवत्सराचे नाव क्रोधी असले तरी एका विद्यापीठाचे राज्यात त्या समयी सर्व सौम्य होते. कुलगुरू महाराजांनी सभा भरवून आज्ञा केली की, राज्यातील सारी विद्या आता संगणकावर चढली आहे, परंतु ज्यांस दिसत नाही, ज्यांस ऐकू येत नाही, ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांस ती बंद दाराआड असल्यासारखी आहे, तरी ती सर्वांस मिळावी. मग पुस्तके वाचून दाखवणारी यंत्रे आली, आणि चित्रांस वर्णने लागली, आणि व्याख्यानांचे जे व्हिडिओ होते त्यांखाली बोललेले सारे अक्षरांत उमटवावे ऐसे ठरले. भूगोलाचे मोरेश्वरपंत सबनीस सर म्हणून एक वृद्ध गुरुजी होते. विद्या थोर, परंतु स्वभाव ऐसा की आपल्याच वर्गात शिरताना दारावर टकटक करीत. बोलणे छातीशी, नजर जमिनीशी. यंत्राने त्यांचे व्याख्यान ऐकिले आणि निम्मे सोडून दिले. संगणक खात्याचे सरदार इस्माईलभाई मुजावर हसून बोलिले, “सर, तुम्ही तुमच्या शर्टाच्या गुंडीला शिकवता. यंत्र बिचारं काय करणार? आता तुम्हीच बसा आणि लिहून काढा.” मग सर हेडफोन लावून आपलाच आवाज ऐकण्यास बसले, आणि ते त्यांस मोठे संकट जाहले. जेथे ‘म्हणजे असं बघा’ म्हटले होते तेथे लाजले आणि ते गाळिले, आणि जेथे ‘मला नक्की ठाऊक नाही’ म्हटले होते तेही गाळिले, आणि जेथे विनोद केला होता तेथे तर कान लाल होऊन तो समूळ उपटिला. मग उरले ते पुस्तकासारखे शुद्ध उरले. मुजावर बोलिले, “हे तर छापायलाही हरकत नाही.” सरांस समाधान वाटले.

त्या राज्यात कस्तुरी लोहकरे नामे कन्या भूगोल शिकण्यास आली होती. तिला जन्मापासून ऐकू येत नसे. ओठ पाहून थोडे समजे, उरलेले ती मोबाइलवर लिहून विचारी. नदीचे व्याख्यान पाहून ती सरांच्या खोलीत आली आणि मोबाइल पुढे केला. “सर, मध्येच सगळा वर्ग हसतो. खाली काहीच लिहिलेलं नाही. का हसले?” सर मान खाली घालून बोलिले, “काही नाही गं. फालतूच होतं.” तिने खूण करून त्यांस मान वर करविली, तेव्हा पुन्हा बोलिले, “काही नाही.” ते तिला ओठांवरून पुरते समजले, कारण आजवर इतरांच्या ओठांवर हेच दोन शब्द तिने सर्वांहून अधिक पाहिले होते. मग ती बराच वेळ लिहीत राहिली. “घरी जेवताना सगळे हसतात. मी विचारते, तर आई म्हणते काही नाही, तू जेव. लग्नात मामा म्हणतो काही नाही, नंतर सांगतो. नंतर कोणी सांगत नाही. नोट्स मला घरी पोस्टानेही मिळाल्या असत्या, सर. मी वर्गात बसायला आले होते. इथेही काही नाहीच असेल, तर सोमवारी नाव काढते आणि बाहेरून परीक्षा देते.” हे दाखविताना तिचा चेहरा अगदी शांत होता, आणि त्याचेच सरांस भय वाटले.

ती गेलियावर सर विचारात पडले. आपण लाजेपोटी स्वतःस गाळिले, परंतु गेले ते तिच्या वाट्याचे गेले. ज्यांस ऐकू येते त्यांस आपले अडखळणे, चुकणे, खोकणे सारे मिळाले, आणि हिला मात्र चाळून दिले. बरे, सारे लिहावे, तर ते कायमचे अक्षर होऊन राहील, आणि महाराज वाचतील, आणि दुसऱ्या राज्यांतील विद्वान वाचतील, की हा गृहस्थ जन्मभर शिकवून अजून ‘नक्की ठाऊक नाही’ म्हणतो. ऐसे मन दोहींकडून ओढू लागले, आणि सर खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले, आणि मग उठलेच. मुजावरांकडे जाऊन बोलिले, “भाई, ते पुन्हा उघडून द्या. मला खराब करायचं आहे.” मुजावर बोलिले, “लोक इथे चुका काढायला येतात, तुम्ही घालायला आलात?” सर बोलिले, “हो. माझ्याच आहेत.” मुजावरांनी अधिक न विचारता खुर्ची सरकवून दिली. मग ‘म्हणजे असं बघा’ जागोजागी परत आले, आणि ‘मला नक्की ठाऊक नाही, पाहून सांगतो’ हेही आले, आणि कंसात (सर खोकतात) आणि (खडू पडतो) आले, आणि (मागच्या बाकावरून कोणीतरी: सर, ऐकू येत नाही) हेही सरांनी प्रामाणिकपणे लिहिले. आणि शेवटी तो उपटिलेला विनोदही लिहिला: “नदी सपाटीला आली की तिला घाई उरत नाही, वळणं घेत बसते. माझंही तसंच आहे. सकाळी कोथिंबीर आणायला निघतो आणि दुपारी रद्दीवाल्याकडचं पुस्तक घेऊन घरी येतो. मग आमची मंडळी विचारतात, आज कुठल्या समुद्राला मिळालात?” (मुले हसतात.) (सरही हसतात, थोडे.)

शनिवारी ग्रंथालयात कस्तुरी संगणकापुढे बसली आणि सर वर्तमानपत्राआड उभे राहिले, आणि वर्तमानपत्र उलटे आहे हे त्यांस कळले नाही. ती वाचीत गेली आणि त्या जागी येऊन मोठ्याने हसली. आपला आवाज केवढा हे तिला ठाऊक नव्हते, सबब साऱ्या ग्रंथालयाने वळून पाहिले, परंतु गप्प बस ऐसे कोणी म्हटले नाही. मग तिने सरांस पाहिले आणि लिहून दाखविले, “विनोद ठीकठाक आहे, सर. पण कोथिंबीर आणली का मग?” सर बोलिले, “नाही. त्या दिवशी आमटी तशीच खाल्ली.” आणि ती पुन्हा हसली, आणि या वेळी ते हसू तिला कोणाकडे मागावे लागले नाही. सोमवारी तिने नाव काढिले नाही.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. पुढे त्या राज्यात सर्व व्याख्याने याच रीतीने, खोकल्यासकट, लिहू लागले. विद्या सर्वांस द्यावी ही आज्ञा महाराजांची. तीत हसूही आले, हे कस्तुरीने सांगितले आणि सरांनी ऐकिले. लिहिण्यात उणे राहिले असेल ते वाचणारांनी पदरात घ्यावे.