असेताच्या लाकडांवरचे डास

असेताच्या अंगणात रोज तिन्हीसांजेला एक माणूस यायचा. प्यायचा नाही, गप्पांत भाग घ्यायचा नाही. चुलीपलीकडच्या लाकडांच्या ढिगाजवळ बसून आभाळाकडे बघत राहायचा. ज्वारीची दारू गाळणाऱ्या विधवा बाईच्या अंगणात न पिणारा माणूस रोज कशाला येतो, हे कळायला गावाला फार डोकं लढवावं लागलं नाही.

खरं तर बुरेमा सिदिबे डास बघायला यायचा. बुर्किना फासोतल्या त्या भागात दोन जातींचे डास होते. दिसायला इतके सारखे, की भिंगाखाली धरले तरी ओळखू येऊ नयेत. फरक दिसायचा तो संध्याकाळी. सूर्य बुडाला की नरांचे थवे हवेत नाचायला जमायचे. एक जात मोकळ्या जमिनीवर जमायची. दुसरीला खाली काहीतरी काळं लागायचं, विहिरीचं तोंड, शेणाचा ढीग, नाहीतर लाकडं. कुठली जात कुठं राहते, हे गावोगाव फिरून शोधायचं काम शहरातल्या एका संशोधन केंद्रानं बुरेमाला दिलं होतं. आणि भातखाचरांच्या काठच्या या गावात सगळ्यात देखणा थवा असेताच्या लाकडांवर जमत होता.

चुलीचा धूर आडवा पसरायचा, धूळ तांबूस व्हायची आणि त्या धुळीतून एकेक करत ते यायचे. मग हवेत एक बारीक खांब उभा राहायचा, डुलणारा, गुणगुणणारा. बुरेमाला आपण स्वतःच जमिनीपासून वीतभर वर तरंगतोय असं वाटायचं.

"काय रे फुलान्या," असेताचे काका दोफिनी हातातला भोपळ्याचा वाडगा हलवत ओरडायचे, "आमच्या पोरीकडे बघायची हिंमत नाही, म्हणून वर बघतोस होय?"

"डास बघतोय, काका."

"गाई संपल्या वाटतं तुमच्या! आता डास राखायला लागलात?"

"तुम्हा बोबोंपेक्षा डास बरे. नाचतात तरी एका तालात!"

अंगण हसून लोळायचं. शेती करणारे बोबो आणि गुरं राखणारे फुलानी, या दोन जमातींचं नातंच थट्टेचं. भेटल्यावर आधी एकमेकांचा उद्धार करायचा, मग ख्यालीखुशाली विचारायची. त्यामुळे बुरेमाची पंचाईत अशी, की तो जितकं खरं बोले, तितकी लोकांना थट्टा वाटे.

डास राखणाऱ्या फुलान्याला बघायला गर्दी वाढली. गर्दी वाढली म्हणून असेताची हंडी मोठी झाली. हंडी मोठी झाली म्हणून लाकडं जास्त लागली. एका संध्याकाळी बुरेमा आला, तर ढिगाच्या जागी नुसती राख आणि चार काटक्या. वर दहा-बारा डास घर हरवल्यासारखे इकडून तिकडे भटकत होते.

"लाकडं कुठं गेली?" बुरेमाचा आवाज चिरकला.

"चुलीत," असेता म्हणाली. "मग काय, उन्हात शिजवू?"

नेमक्या दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या मुख्य डॉक्टर कादी त्राओरे थवा बघायला येणार होत्या. थवा दिसला नाही तर हे गाव यादीतून जाणार, आणि गावाबरोबर बुरेमाची नोकरीही. सकाळीच त्यानं गाढवाची गाडी भरून लाकडं आणली आणि असेताच्या चुलीपाशी स्वतःच्या हातानं नीट रचून ठेवली.

परक्या पुरुषानं बाईच्या चुलीपाशी लाकडं रचली, की त्या गावात त्याचा एकच अर्थ होत असे. बुरेमा लहानाचा मोठा झाला उत्तरेकडच्या कुरणांत. त्याला हे कोण सांगणार?

संध्याकाळी डॉक्टरबाई उतरल्या, तर अंगण झाडलेलं, बायका ठेवणीतल्या कपड्यांत, मधोमध खुर्चीवर दोफिनीकाका.

"बुरेमा, अरे, गावाची काय आस्था आहे रे शास्त्राविषयी!" बाई हरखून गेल्या.

काकांनी विचारलं, "तुम्ही याच्या घरच्या?"

"घरच्याच समजा. माझ्या मुलासारखा आहे."

"वागायला कसा?"

"एकाग्र. एकदा नजर लावली, की ढळत नाही."

"ते बघतोय आम्ही रोज."

"त्यानं इथंच कायमचं ठाण मांडावं, अशी आमची इच्छा आहे."

"आमचीही तीच!" काका खुर्चीतून अर्धे उठले.

"बाई, जरा थांबा," बुरेमा पुढे झाला. पण बाईंनी पिशवी काढली होती. कुठल्याही गावात पाऊल टाकलं, की वडीलधाऱ्यांच्या हातावर कोला फळं ठेवायची, हा त्यांचा शिरस्ता. काकांनी दोन्ही हातांनी फळं घेतली, एक फोडलं, तुकडे वाटले, आणि बायकांनी एकदम उलूलू असा आनंदाचा गजर केला. गावाच्या रीतीनं कोला देऊन मागणी घातली, कोला फोडून मागणी मान्य झाली. बाईंनीही कौतुकानं एक तुकडा तोंडात टाकला.

बुरेमा धडपडत हंड्यांमागे असेताकडे गेला.

"अहो, यांचा गैरसमज झालाय. मी खरंच डासांसाठी येत होतो."

"ठाऊक आहे मला," ती हंडी ढवळत म्हणाली. "बाईकडे बघणाऱ्याची मान अशी वर नसते."

"मग काकांना सांगा ना!"

"तुम्ही रोज सांगत होतात. ऐकलं त्यांनी?" तिनं पळी हंडीच्या काठावर आपटली. "आणि मला काय विचारता? मला कुणी काही विचारलेलंच नाही. कोला काकांनी खाल्लाय ना? मग लग्न काकांशीच करा!"

बुरेमाला हसू फुटलं. हसता हसता त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या भुवईला ज्वारीचं एक तूस चिकटलं होतं. धुराच्या पडद्याआड तिचा चेहरा जवळ येत होता, लांब जात होता. तीही हसू दाबत होती, पण ते काही दबत नव्हतं.

"बुरेमा! जमले रे, जमले! जाळी आण!" डॉक्टरबाई ओरडत होत्या.

लाकडांवर खांब उभा राहिला होता, आजवरचा सगळ्यात उंच. काका तोंड उघडं टाकून बघत होते. अख्खं अंगण माना वर करून, वाडगे विसरून बघत होतं. गुणगुण वाढली, उतरली. तांबूस धूळ आधी करडी झाली, मग जांभळी, आणि खांब अलगद विरून गेला.

"वा!" बाईंनी श्वास सोडला. "बुरेमा, किती असतील रे अंदाजे?"

बुरेमानं दचकून हंड्यांकडची मान वळवली.

"कोण, बाई?"