चारचा फोन

दुपारी चार वाजता नवरा-बायको समोरासमोर बसले आणि दोघांनाही काय बोलावं ते सुचेना. मध्ये चहाचे दोन कप होते. सात महिन्यांनी ती दोन दिवसांच्या रजेवर घरी आली होती.

"बोल ना काहीतरी," ती म्हणाली.

"तूच बोल."

"फोनवर तर बरा बोलतोस!"

"फोनवर तू दिसत नाहीस. दिसायला लागलीस की सुचत नाही."

तो दूरसंचार कंपनीत अभियंता होता. सहकारी त्याला 'पर्याय' म्हणत, कारण प्रत्येक गोष्टीची दुसरी सोय त्याच्याकडे तयार असे. दोन छत्र्या, दोन चष्मे, घराच्या किल्ल्यांचे तीन जुडगे. बायकोला मात्र पर्याय नव्हता. तीही त्याच कंपनीत होती आणि सात महिन्यांपूर्वी तिची बदली पाच तासांवरच्या डोंगरातल्या केंद्रात झाली होती. शहराचे सगळे फोन, संदेश, तिकिटं नि चित्रं काचेच्या तंतूंतून, प्रकाशावर स्वार होऊन त्या केंद्रातून जात. तंतू तुटला किंवा प्रकाश मंदावला, तर ही वाहतूक दुसऱ्या मार्गावर वळवायला तिथे कुणीतरी बसावं लागे. ती बसली होती.

मग पर्यायने बसणाऱ्या माणसालाच पर्याय शोधला. मार्गाची तब्येत बिघडतेय हे आधीच ओळखून वाहतूक आपोआप वळवणारं यंत्र त्याने तयार केलं. चाचणीचे तीस दिवस माणसाचा हात न लागता गेले, की केंद्रात माणसाची गरज संपणार होती आणि ती कायमची घरी येणार होती. कंपनीच्या कागदांत शोधाचं उद्दिष्ट 'सेवेचा दर्जा उंचावणे' असं लिहिलेलं होतं. खरं उद्दिष्ट समोर बसून चहा पीत होतं. आज चाचणीचा अठ्ठाविसावा दिवस होता.

चार वाजून सहा मिनिटांनी मोबाइल वाजला. नियंत्रण कक्षाचे मुख्य साहेब होते.

"अहो पर्याय, तुमच्या यंत्राने अख्खं शहर जुन्या नदीकाठच्या लाइनवर ढकललंय! सुईच्या भोकातून दोरखंड ओढतोय आम्ही!"

"तंतू तुटला का?"

"तंतू ठणठणीत. प्रकाश ठणठणीत. यंत्र म्हणतंय, डोंगराचा मार्ग मेला! इथे पडद्यावर वरिष्ठांची बैठक चालू होती. ते तोंड उघडं ठेवून थिजलेत, आणि मी आपला त्यांच्याकडे बघून मान डोलावतोय. वाहतूक हाताने परत आणू का?"

"नको!" तो ओरडला. हाताने मार्ग बदलला तर चाचणी रद्द, हा नियम त्याने स्वतःच, फार ऐटीत लिहिला होता.

तो चपला शोधू लागला तर बायको आधीच दारात उभी होती.

"मीही येते. इथे बसून भिंतींशी काय बोलू?"

नियंत्रण कक्षात मोबाइल नेण्याची परवानगी नव्हती. तो बाहेरच्या खणात ठेवावा लागे. मुभा फक्त साहेबांना होती. मोबाइल खणात टाकून दोघं आत गेले. यंत्राच्या पडद्यावर लाल अक्षरांत एकच ओळ होती: 'रोजची खूण आढळली नाही.'

पर्याय खुर्चीत बसला, उठला आणि पुन्हा बसला.

"काय ते सांगा," साहेब म्हणाले.

सांगणं अवघड होतं. डोंगराच्या लाइनच्या दोन्ही टोकांना, इथे कक्षात आणि तिथे केंद्रात, कर्मचाऱ्यांसाठी एकेक फोन होता. डोंगरावर मोबाइल फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर लागे, आणि तिथे वारा इतका की अर्धं बोलणं वाराच ऐकून घेई. म्हणून पर्याय रोज चारला 'लाइन तपासणी'साठी या फोनवरून डोंगरावर बोले. तपासणी बावीस मिनिटं चाले. इकडे यंत्राला त्यानेच सांगून ठेवलं होतं, की निरोगी लाइन कशी असते ते तुझं तू बघून शिक. यंत्राने सात महिन्यांच्या नोंदी पाहिल्या. त्या मार्गावर सगळं रोज कमीजास्त होत होतं, पण एक गोष्ट एकदाही चुकली नव्हती: चारचा फोन.

"म्हणजे," साहेब सावकाश म्हणाले, "बाई डोंगरावर असल्या तर लाइन जिवंत, आणि घरी आल्या की मेली?"

"तांत्रिकदृष्ट्या... हो."

बायको खिडकीबाहेर बघू लागली. तिचे कान लाल झाले होते.

"मग सोपं आहे," साहेबांनी बाह्या सरसावल्या. "यंत्राला बोलणंच हवंय ना? केंद्रावर चौकीदार आहे. लावा फोन, मी बोलतो." त्यांनी रिसीव्हर उचलला. "हॅलो, चौकीदार? बोला."

"काय बोलू, साहेब?"

"काहीही बोला! थांबू नका!"

चौकीदार थांबला नाही. त्याने कुंपणाची तार, पंपाचा वॉशर, आपला गुडघा आणि मेहुण्याचा स्वभाव हे विषय एका दमात उरकले. साहेबांनीही आपला गुडघा काढला. दहा मिनिटं झाली तरी लाल ओळ हलली नाही.

पर्याय रोजच्या फोनच्या आलेखाकडे बघत होता. "साहेब, मध्ये मध्ये थांबावं लागेल."

"का?"

"आम्ही थांबायचो."

"आणि थांबून काय करायचात?"

"काही नाही. नुसतं थांबायचो."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं आणि घसा खाकरला. "चौकीदार, आता गप्प बसा."

"माझं काही चुकलं का, साहेब?"

"नाही हो. नुसते गप्प बसा."

"बरं. किती वेळ?"

"गप्प!"

"बसलो, साहेब."

"अहो, बसलो असं सांगायचं नसतं!"

यंत्राला हे काही पटलं नाही. साहेबांनी रिसीव्हर ठेवला. वरिष्ठ पडद्यावर अजून तोंड उघडं ठेवून होते.

पर्याय हळूच बायकोजवळ गेला. "एक मार्ग आहे. तू आज परत गेलीस, उद्या-परवा चारला बोललो, तर तीस दिवस पुरे होतील. चाचणी पास. मग तू कायमची घरी."

"आणि घरी आल्यावर चार वाजता?"

त्याने पडद्यावरच्या लाल ओळीकडे पाहिलं.

"पुन्हा लाइन मरेल," ती म्हणाली. "मला घरी आणायला यंत्र केलंस, आणि ते चालतं मी घरी नसले तरच. पूस ते सगळं."

"सात महिने आहेत त्यात."

"माणूस समोर उभं आहे ना? पूस."

त्याने बटण दाबलं. लाल ओळ गेली, वाहतूक डोंगराच्या मार्गावर परतली आणि वरिष्ठांनी अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. चाचणीच्या तक्त्यावर अठ्ठावीसच्या जागी शून्य आलं.

"आता?" बैठक उरकल्यावर साहेबांनी विचारलं.

"सात दिवस ते नव्याने शिकेल. मग पुन्हा तीस दिवस चाचणी. तोवर त्या फोनवर कुणी अक्षर बोलायचं नाही."

"सात दिवस दिवे बघायला चौकीदार पुरे," साहेब म्हणाले. "बाई, तुम्ही केंद्रावर गेलात तर हे पर्याय फोन उचलल्याशिवाय राहणार नाहीत. तेव्हा आठवडाभर इथेच राहायचं. हा आदेश आहे."

त्या आठवड्यात पहिले दोन दिवस दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखं वागले. तिसऱ्या दिवशी ओला टॉवेल पलंगावर टाकण्यावरून भांडण झालं. सात महिन्यांतलं ते पहिलं भांडण. बावीस मिनिटांत भांडण बसत नाही म्हणून दोघांनीही ते राखून ठेवलं होतं. ते दीड दिवस पुरलं, आणि त्यानंतर चारचा चहा कधी गार झाला हे कुणाच्या लक्षात येईना.

आठव्या दिवशी नवी चाचणी सुरू झाली, आणि सकाळच्या बसने ती केंद्रावर परत गेली.

चार वाजता पर्याय नियंत्रण कक्षात बसला होता. पडद्यावर फोनच्या लाइनची रेघ सरळ होती, आणि यंत्राला त्यात काहीही वावगं वाटत नव्हतं. शोध उत्तम चालला होता. तो रिसीव्हरकडे बघत राहिला.

साहेबांचा मोबाइल वाजला.

"कोण? मोठ्याने बोला! टाकीवर? अहो वहिनी, वारा फार आहे, सांभाळून. हो, आहेत ना, इथेच तोंड पाडून बसलेत." त्यांनी मोबाइल पर्यायपुढे धरला. "व्हरांड्यात जाऊन बोला. आणि त्यांना सांगा, रोज चारलाच करू नका. कधी साडेतीन, कधी पाच. नाहीतर माझा मोबाइलही शिकायचा!"

पर्यायने व्हरांड्यात येऊन मोबाइल कानाला लावला. पलीकडे नुसता वारा होता. त्यातून दोनच शब्द धड पोहोचले, 'टॉवेल' आणि 'वाळत'.

तो कठड्याला टेकला आणि बावीस मिनिटं ऐकत राहिला.